गाडी तयार झाली की जाऊ

मल्लाप्पा आप्पांनी एकदा माझ्या सासऱ्यांच्या छातीला स्क्रूड्रायव्हर लावला.

सासरे बिद्रीहून दोन दिवस राहायला आले होते. सोप्यात बसून चहा घेत होते आणि मधून मधून खोकत होते. समोरच्या घरातले आप्पा काहीतरी मागायला आले, दारातच थांबले, मान तिरकी करून तो खोकला ऐकला. मग कमरेला खोचलेला हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक सासऱ्यांच्या बरगडीवर टेकवलं आणि लाकडी मूठ स्वतःच्या कानाला लावली. गाडीचे मिस्त्री इंजिनाच्या पोटातला आवाज असाच ऐकतात. सासऱ्यांना हे कोण सांगणार? ते बशी घट्ट धरून, डोळे विस्फारून बसले.

"पावणं, दम घ्या. आता सोडा. परत एकदा." आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. "टायमिंग जरा हललंय. बाकी इंजिन चांगलं हाय."

त्यानंतर सासरे आमच्याकडे मुक्कामाला आले नाहीत. बायकोनं याबद्दल आप्पांना अजून माफ केलेलं नाही. मी त्याच दिवशी करून टाकलं.

आप्पांचं शाहूपुरीत सरकी-पेंडीचं दुकान. जनावरांचं खाद्य विकणारा, चार पिढ्यांचा लिंगायत व्यापारी. पांढरी विजार, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत ग्रीस. हे ग्रीस त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला लागलं, ते पुढं सात वर्षं काही निघालं नाही. कारण त्या साली आप्पांनी मिलिटरीच्या लिलावातनं एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. फोर-व्हील म्हणजे वेळ पडली तर चारी चाकांनी ओढणारी. आमच्या गल्लीत ती स्वतःच्या चाकांवर आली नाही, ट्रकात बसून आली. उतरवायला तालमीतली आठ माणसं लागली.

"आप्पा, हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"रोज दुकानाला जायाचं. आनी सुट्टीला क्यांपिंग."

पेंडीच्या व्यापाऱ्यानं क्यांपिंग करायचं, हे गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण खरं कारण गल्लीला ठाऊक होतं, आणि आपल्यालाही ते आताच ठाऊक असलेलं बरं.

जीप यायच्या महिनाभर आधी आप्पांच्या एकुलत्या एक पोरीनं, रेणुकानं, कॉलेजातल्या एका पोराशी लग्न केलं. पोरगा कोकणातला, परजातीचा, गगनबावड्याचा घाट उतरलं की वैभववाडीच्या अलीकडं त्यांची आंब्याच्या कलमांची बाग. नोंदणी पद्धतीनं लग्न झालं, पेढे घेऊन दोघं पाया पडायला आली, आणि आप्पांनी दार उघडलं नाही. आतनं कडी लावून बसले. अर्ध्या तासानं पोरं पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. आप्पांची बायको महादेवी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती आत खिडकीशी बसून रडत होती. हे मी माझ्या खिडकीतनं बघितलेलं आहे.

वर्षभरानं अक्कानं विषय काढला. "अवो, जाऊन येऊया की एकदा पोरीकडं."

आप्पा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "जाऊ की. यष्टीनं जाऊन तिच्या दारात भिकाऱ्यागत उभं ऱ्हायाचं का? आपल्या गाडीनं जायाचं. गाडी तयार झाली की जाऊ."

झालं! तेव्हापासून गाडी तयार होत होती.

कोल्हापुरात गाडी तयार करणं ही एकट्या माणसाची गोष्ट नाही. इथं कुणीही बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत सात माणसं जमतात. हात पाठीमागं बांधून, वाकून आत बघतात. त्यातल्या एकालाही इंजिनातलं कळत नसलं तरी सातही जण सल्ला देतात, आणि आठवा येऊन ते सगळं रद्द करतो. दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीत ही सभा भरायची. चहा अक्काचा. आप्पा सगळ्यांचं ऐकायचे आणि शेवटी उद्यमनगरला जायचे.

उद्यमनगर म्हणजे आमच्या गावाचं विश्वकर्म्याचं घर. नमुना टाका, तसाच पार्ट ओतून, तासून, हातात देतात. त्यामुळं आप्पांना ओरिजिनल पार्टचा तिटकारा. "ओरिजिनल काय आभाळातनं पडतंय? त्यो बी माणसानंच केलाय की!" असं म्हणत त्यांनी सात वर्षांत जीपचा एकेक अवयव बदलून घेतला. शेवटी मिलिटरीचं असं तिच्यात नावच उरलं होतं.

बाकीची सजावट आप्पांच्या डोक्यातली. मागच्या सीटा पाडलेल्या टॉकीजमधनं आणल्या होत्या, उठलं की आपोआप मिटणाऱ्या. मला नेहमी एच बारा नंबरची सीट मिळायची. पाण्याची टाकी म्हणजे डेअरीचा चाळीस लिटरचा कॅन. हॉर्न उसाच्या ट्रॅक्टरचा, तो वाजला की पुढची म्हैस रस्ता सोडायची, पण मागची माणसं शिव्या द्यायची. दुकान चालत दहा मिनिटांवर. जीपनं पंचवीस लागायची, कारण चालू करण्यातच पंधरा जात. आप्पा त्याला डेली ड्रायव्हिंग म्हणत.

फोर-व्हीलच्या लिव्हरची तर और कथा. तिच्यावर बसवायला आप्पांनी हुपरीहून चांदीची मूठ करून आणली. हुपरीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या पैंजण करणारी. त्यांनी हाताच्या सवयीनं मुठीला चार घुंगरू लावून दिले. आप्पांनी ते काढले नाहीत. वर मखमलीची पिशवी शिवून घेतली आणि लिव्हरला तिच्यात बांधून ठेवलं.

"आप्पा, टाकून बघा की एकदा फोर-व्हील," मी म्हणायचो.

"मास्तर, ब्रह्मास्त्र हाय ते. भाजी आणायला सोडायचं नसतंय."

मी हायस्कुलात भूमिती शिकवतो. आप्पांच्या लेखी तेवढ्यानं मी इंजिनिअर. पुढच्या दोन चाकांच्या मधला गियरचा डबा चिरला तेव्हा त्याचा नमुना उद्यमनगरला द्यायचा होता, पण जीप आठ दिवस उघडी ठेवायला आप्पा तयार नव्हते. "मास्तर, तुमचा हात भूमितीचा. कागदावर काढून द्या." मी शाळेतला ट्रेसिंग पेपर आणला, गाडीखाली आडवा पडून डब्याच्या सगळ्या बाजू काढल्या, मापं टाकली. कोट खराब झाला. पंधरा दिवसांनी डबा ओतून आला, असा चपखल बसला की रविवारच्या सभेनं टाळ्या वाजवल्या. "मापात सुताचा फरक न्हाई!" आप्पांनी मला पेढा भरवला. मी पण थोडा फुगलो, खोटं कशाला सांगू?

तंबू मात्र फसला. मांडव-डेकोरेशनवाल्याचं जुनं कापड आप्पांना मिळालं, लाल-पिवळं, खाली झालर लावलेलं. त्याचा तंबू शिवून त्यांनी तपासणीसाठी गल्लीतच उभा केला. अर्ध्या तासात पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी आहेराचं पाकीट घेऊन आली.

"मल्लाप्पा, कुणाचं लगीन रं? तुझ्या पोरीचं व्हय?"

सगळे हसले. आप्पा पण हसायला गेले आणि मध्येच थांबले. मग तंबूचे खुंटे त्यांनी एकट्यानं उपटले, घडी घातली आणि आत निघून गेले. त्या रविवारी चहा झाला नाही.

अशी सहा-सात वर्षं गेली. दिवाळी आली की ब्रेक निघायचे, संक्रांत आली की रेडिएटर. अक्का रेणुकाशी चोरून आमच्या फोनवरनं बोलायची. मी बाहेर जाऊन उभा राहायचो, तरी ऐकू यायचं. "व्हय गं, यायला लागलोय की. गाडी तयार झाली की येतोय," असं ती नवऱ्याच्याच शब्दांत सांगायची, आणि मला आप्पांचा असा संताप यायचा की वाटायचं, त्या जीपला काडी लावावी.

मग एके दिवशी फोन झाल्यावर अक्का माझ्या बायकोच्या गळ्यातच पडली. रेणुकाला दिवस गेले होते. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. आमच्याकडं सातव्या महिन्यात आईबापानं जाऊन ओटी भरायची, हिरवा चुडा भरायचा आणि पोरीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं, ही रीत. बापच गेला नाही तर पोरगी येणार कुठल्या तोंडानं?

गणपती झाले आणि सातवा लागला. अक्का सकाळी अंगणात आली. आप्पा जीपखाली होते. तिनं चाकाला पायताण मारलं. खरंच मारलं, मी पाहिलं.

"अवो, भाईर या. सातवा लागलाय. पोट काय तुमच्या गाडीसाठी थांबतंय व्हय?"

आप्पा बाहेर आले, हात पुसत राहिले. "जाऊ की. पर येकदम घाट कसा उतरायचा? आधी गगनबावड्यापतुर जाऊ. येक रात क्यांप टाकू. गाडी टेस्ट करू. मग बघू."

"मग बघू न्हाय. मग जायाचं."

"व्हय, व्हय."

मला बरोबर घेतलं, कारण एच बारा. अक्काच्या मांडीवर पिशवी, तिच्यात इरकल साडी, खण, नारळ, हिरव्या बांगड्या. जीपनं चक्क कुठंही न थांबता गगनबावडा गाठला. मी हबकलोच. आप्पाही हबकले असावेत, कारण जसजसा घाट जवळ आला तसतसे ते गप्प होत गेले. घाटमाथ्यावर धुकं होतं, बारीक पाऊस चालू होता. समोर घाटाचा रस्ता खाली उतरत होता. तासाभराची वाट. आप्पांनी जीप डावीकडं वळवली आणि गवताच्या माळावर घातली.

"हे काय?" अक्का म्हणाली.

"क्यांप."

"सकाळी अकरालाच क्यांप? घाट उतरा की!"

"आधी चहा घेऊ—"

आणि मागची चाकं चिखलात रुतली. आप्पांचा चेहरा उजळला. सात वर्षं ज्या क्षणाची तयारी केली तो आला होता! त्यांनी मखमलीची पिशवी सोडली, चांदीच्या मुठीला हात लावून कपाळाला लावला. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरची चार माणसं बघायला आली, बॉनेट बंद असतानासुद्धा. आप्पांनी लिव्हर ओढली. घुंगरू वाजले. इंजिन गरजलं.

जीप जागची हलली नाही. नुसती थरथरली आणि खाली गेली. आप्पांनी आणखी जोर दिला, ती आणखी खाली गेली.

टपरीवाला वाकून बघत होता. "पावणं," तो ओरडला, "तुमची मागची चाकं घाटाकडं निघाल्यात, आनी पुढची कोल्लापूरला!"

मी खाली उतरून बघितलं. ट्रेसिंग पेपर! दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा कागद. वरची बाजू कुठली ते मी लिहिलंच नव्हतं. उद्यमनगरच्या मिस्त्रीनं तो पालथा ठेवला, मापं तंतोतंत पाळली आणि डावं ते उजवं केलं. आतला मोठा गियर पलीकडं बसला आणि पुढची चाकं उलटी फिरायला लागली. गावात फक्त मागची दोन ओढायची, त्यामुळं कुणालाच कळलं नाही. बावीस वर्षं भूमिती शिकवतोय मी. पोरांना आरशातली आकृती शिकवताना छडी मारलेली आहे.

अक्का पिशवी घेऊन उतरली. चिखलात उभी राहून तिनं जीपकडं बघितलं, मग आप्पांकडं.

"झाली काय गाडी तयार?"

आप्पा मखमलीची पिशवी परत लिव्हरवर चढवत राहिले.

"मग मी जातो," अक्का म्हणाली. तेवढ्यात वैभववाडीची यष्टी आली. तिनं हात केला, चढली, आणि मागं वळूनही न बघता घाट उतरून गेली.

आप्पा जीपखाली शिरले. चिखलात, पाठीवर, पांढऱ्या सदऱ्यासकट. दुपार झाली तरी बाहेर येईनात. टपरीवरनं आणलेला चहा निवला. शेवटी मी त्यांच्या पायांशी उकिडवा बसलो. दिसत होती ती फक्त पायताणं.

"आप्पा, चूक माझी हाय. कागदावर बाजू लिहायची राहिली."

खालनं हत्याराचा आवाज येत नव्हता. ते काही दुरुस्त करत नव्हते, नुसते पडून होते.

"आप्पा, ऐकताय न्हवं?"

"मास्तर, हितंवर मी चारदा आलतो."

"कधी?"

"पेंडीचा माल बघायला जातो म्हणून सांगायचं. यष्टीनं यायचं, येकटं. ह्या टपरीवर बसायचं. खाली जाणारी गाडी आली की उठायचं, पायरीवर पाय ठेवायचा. कंडक्टरनं 'कुठं?' इचारलं की उतरायचं."

"इतका राग आप्पा? पोटच्या पोरीवर?"

"राग कुठला? राग पयल्या वर्षीच संपला. भ्या वाटतंय." आवाज चिखलातनं यावा तसा जड झाला होता. "तिनं दार उघडलं, मला बघितलं, आनी परत कडी लावली तर? मी लावलीच हुती की. मग मी कुठं जायाचं, सांगा."

सात वर्षं मी या माणसाची गल्लीभर टिंगल केली होती, शिक्षकांच्या खोलीत नकला केल्या होत्या, सगळ्यांना हसवलं होतं. माझे डोळे भरून आले. तीनची यष्टी वळणावर दिसली तेव्हा मी दुसरं काही न करता त्यांचे दोन्ही पाय धरले आणि ओढलं.

"भाईर या. गाडी आली."

"आनी ही गाडी?"

"ही कुठं जातीय? हिला आता देव आला तरी हलत न्हाय. मी बसतो हितं. चला!"

डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि ग्रीस लागलेला तो माणूस यष्टीच्या पायरीवर चढला. कंडक्टर म्हणाला, "कुठं?" आप्पा थांबले. पाठीमागं वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवून जीपकडं बघायला लागलो. मग मला त्यांचा आवाज आला, "वैभववाडीच्या अलीकडं, कलमांच्या बागंजवळ उतरवा." दार लागलं.

त्या रात्री मी झालरीच्या तंबूत एकटा झोपलो. दुसऱ्या दिवशी गावातल्या ट्रॅक्टरनं जीप बाहेर ओढली. पुढचं अक्कानं सांगितलं ते असं.

संध्याकाळी आप्पा बागेच्या फाटकातनं आत आले आणि अंगणात उभे राहिले. रेणुका दारात आली. अक्कानं मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तोंडात पदर धरून भिंतीला टेकली होती. शेवटी आप्पा म्हणाले, "पाणी दे."

रेणुकानं तांब्या आणला. आप्पांनी उभ्या उभ्या सगळा संपवला. "आणखी येक." तिनं आणला, तोही संपवला. तिसरा मागितला. तोही घटाघटा संपवायला लागले, कारण पीत होते तोवर बोलावं लागत नव्हतं. "मास्तर, मला वाटलं आता ह्यो माणूस फुटतोय," अक्का मला म्हणाली. तिसरा तांब्या रिकामा झाला. रेणुका चौथा आणायला वळली, पोट सांभाळत, हळूहळू.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "माझं चुकलं, बाळ. तू दारात आलतीस आनी मी आतनं ऐकत बसलो. बाळंतपणाला घरी चल."

रेणुकानं तांब्या खाली ठेवला, त्यांचा काळा हात धरला आणि त्यांना घरात नेलं.